बघून घेतलेल्या शेळ्या

कुंडल,
दि. ९ जानेवारी २०२५

ति. मल्हारदादास,

माया हिचा नमस्कार. मंगलवहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

इकडे थंडी बरी पडलीय. आपला ऊस अजून उभाच आहे, तोडणीची टोळी येईना. ह्यांचे गुडघे धरलेत, तरी कारखान्यात पाळीला जातात. साक्षीचं वकिलीचं शेवटचं वर्ष आहे, सांगलीहून दर शनिवारी घरी येते. मामा फोन का उचलत नाही म्हणून परवा विचारत होती.

एवढी खुशाली पुरे झाली.

नाताळापासून तुला फोन करतेय. आधी नुसता वाजायचा, आता वाजतसुद्धा नाही. म्हणून हे पत्र रजिस्टर पोस्टानं पाठवतेय. पोस्टमन तुझी सही घेईल आणि पोच माझ्याकडे येईल. मग 'मला काय म्हाईत न्हाई' असं तुला कुणासमोर म्हणता येणार नाही. आणि हे वहिनींकडून वाचून घेऊ नकोस. तू सातवी पास आहेस. स्वतः वाच.

तू दिलेल्या दहा शेळ्यांपैकी सहांच्या रक्तात रोग निघाला. जनावरांच्या डॉक्टरांनी नमुने घेतले, ते पुण्याला गेले, ३० डिसेंबरला कागद आला. ब्रुसेला असं त्याचं नाव. शेळी वरून धडधाकट दिसते, खाते, रवंथ करते, अंगावर तकाकी असते. पण गाभण राहिली की दिवस भरायच्या आत गाभ टाकते. आणि ते मेलेलं करडू, ती वार, ते पाणी माणसाच्या हाताला लागलं की माणसालाही धरतं.

आठवतं का तुला तो दिवस? श्रावण सरत आला होता. आमच्या बचत गटाला शेळ्या घ्यायच्या होत्या. बायका म्हणत होत्या, बाजारातून घेऊ, चार ठिकाणी बघता येईल. मीच अडवलं. म्हटलं, बाजारातलं जनावर कुणाच्या दारातून आलंय ते कळत नाही. माझ्या माहेरची शेळ्यांची खांड आहे, माझा भाऊ आहे, आटपाडीकडची शेरडं काटक असतात. नऊ बायकांनी माझ्या तोंडाकडे बघून होकार दिला, तुझ्या नाही.

तू पिकअप घेऊन आलास. बिरोबाच्या देवळापुढं शेळ्या उतरवल्यास. सगळ्या दोन-दोन महिन्यांच्या गाभण. मनुबाई, ती आमच्या गल्लीतली म्हातारी, तिनं एकेकीचे दात बघितले, सड दाबून बघितले. एका शेळीचं शिंग मोडलेलं होतं. ती कुणी घेईना, म्हणून मी घेतली. त्या शेळीबद्दल मी आज एक अक्षर बोलत नाही. शिंग नाही ते मला दिसत होतं, मी बघून घेतली, ती माझी.

मग मनुबाई म्हणाली, "पावनं, आजार-बिजार काय न्हाई न्हवं?" तेव्हा तू काय केलंस? देवळात गेलास, मूठभर भंडारा उचललास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "लेकीवानी पाळल्यात. एकीला बी कसला आजार न्हाई. बिरोबाची आन." बायकांनी देवाला हात जोडले. मला तेव्हा कोण अभिमान वाटला होता तुझा! आज ते आठवलं की माझ्या कानशिलाच्या शिरा उडतात.

कारण तुला माहीत होतं.

ऑक्टोबरात मनुबाईची शेळी गाभडली. मी तुला फोन केला. तू म्हणालास, "दिष्ट लागली आसंल. जागा बदालली की एकांदी टाकती." मी तेच मनुबाईला सांगितलं. तुझे शब्द, माझ्या तोंडानं. नोव्हेंबरात दीपमालाची गाभडली. डिसेंबर लागेपर्यंत आणखी तीन.

दीपमाला म्हणजे मनुबाईची सून. नवरा पृथ्वीराज फौजेत आहे, वर बर्फात कुठंतरी ड्युटी. घरात या दोघीच. लग्नाला चार वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते. चौथा महिना होता. शेळीची वार अडकली, तर तिनं हातानं ओढून काढली, गोठा धुतला, मेलेली करडं खड्डा काढून पुरली. आपल्यात बायका करतातच हे. तिला कोण सांगणार होतं की करू नको?

पंधरा-वीस दिवसांनी तिला ताप यायला लागला. दुपार कलली की चढायचा, सकाळी उतरायचा, अंगाला दरदरून घाम. पाठ इतकी दुखायची की भिंत धरून उठायची. गावात औषधं झाली. थोडं बरं वाटायचं, परत ताप. २० डिसेंबरला पोटात कळा सुटल्या. सांगलीला नेलं. मूल गेलं. मुलगा होता. मनुबाईनं पदरात घेऊन बघितला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ताप कसा येतो ते ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "घरात शेळ्या आहेत का?" दीपमालाच्या रक्तातही तेच निघालं. बाई सरळ बोलल्या, "मूल याच्यामुळंच गेलं असं मी छातीठोक लिहून देऊ शकत नाही. पण असं होतं, हे नक्की." या वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागाला तू लटकशील हे मला माहीत आहे. लटक.

नाताळाच्या आदल्या दिवशी तू शेवटचा फोन उचललास. मी सगळं सांगितलं. मग म्हणालास, "माये, यवहार झाल्यावर माघारी बोलायचं नसतंय. बघून घ्यायचं व्हतं." मी म्हटलं, "रक्तातलं कसं बघून घेणार, दादा?" तर म्हणालास, "आगं मग ऱ्हायल्याली बाजारात सोडून दी की. कुणाला कळतंय?"

कुणाला कळतंय! अरे, हे तू एका मूल गेलेल्या बाईची गोष्ट ऐकून झाल्यावर म्हणालास. आणखी दुसरी दीपमाला शोधायची का मी? कुठल्या गावात शोधू, तेवढं सांग.

साक्षीला कॉलेजात परदेशातल्या खरेदी-विक्रीच्या कायद्यावर निबंध लिहायचा होता. फ्रान्स तिच्या वाट्याला आला. गेल्या शनिवारी चुलीपाशी बसून मला सांगत होती, "आई, तिथं विकलेल्या वस्तूत न दिसणारा दोष आधीपासून असेल आणि त्यानं ती वस्तू कामाची राहत नसेल, तर विकणारा सुटत नाही. वस्तू परत घ्यायची, पैसे परत द्यायचे."

मी म्हटलं, "आणि विकणाऱ्याला ठाऊकच नसलं तर?"

"तरी परत घ्यावी लागते. ठाऊक नव्हतं म्हणून सुटका नाही. दिसत होता तो दोष मात्र घेणाऱ्याचा."

"आणि ठाऊक होतं, पण गप्प बसला, तर?"

"मग नुसते पैसे परत देऊन भागत नाही. त्या दोषापायी पुढं जे जे नुकसान झालं, ते सगळं त्याच्या अंगावर."

जनावरांसाठी तिकडे आणखी वेगळे नियम आहेत म्हणे. ते तिनं सांगितले नाहीत, मी विचारलेही नाहीत. माझा हात परातीतच थांबला होता. ती म्हणाली, "आई, तव्यावरची भाकरी करपली."

आपल्या इथंही कायदा आहे, कोर्ट आहे. साक्षी म्हणते, मामाला नोटीस काढू. मी अजून हो म्हटलेलं नाही. मला तुझे पैसे नकोत. मला तू हवा आहेस. रविवारी, १९ तारखेला कुंडलला ये. ज्या देवळापुढं आण घेतलीस, तिथंच त्या नऊ जणींसमोर उभा राहा आणि तोंडानं म्हण, की मला माहीत होतं. दीपमालाकडे बघून म्हण. नंतर काय करायचं ते त्या ठरवतील.

तुझी बहीण,
माया

ता. क. तुला माहीत होतं हे मला कसं कळलं, ते विचारू नकोस. कळलं एवढं खरं.


कुंडल,
दि. २८ जानेवारी २०२५

मल्हारदादा,

नमस्कार. घरातल्या सगळ्यांना, ज्याला जो लागू असेल तो.

पत्राची पोच मिळाली. सही वळणदार केली आहेस.

तू आला नाहीस. १९ तारखेला नऊ बायका देवळापुढं उन्हात बसल्या होत्या आणि मी रस्त्याकडे बघत होते. बारा वाजता तुझा फोन आला. येतोय म्हणून सांगायला असेल, असं वाटून मी पळत बाजूला गेले. तू ओरडलास ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे मी काही गाळलं असं तुला वाटायला नको.

"आन् तू गं? भाऊबीजंला चुलीम्होरं मंगलनं तुला समदं सांगितलंय. परवा तीच बोलली माझ्याम्होरं. तुला बी म्हाईत व्हतं की! मग तू का गप बसलीस? मला उभा करतीस व्हय? आदी तू उभी ऱ्हा!"

मी फोन बंद केला. बायकांना म्हटलं, दादाची गाडी बंद पडली. तिथंही खोटं बोलले.

सहा दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तुझा राग आला होताच, पण तू जे ओरडलास ते खोटं नव्हतं, त्याचा जास्त आला. आता मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते लिहिते. वहिनींना त्रास होऊ नये म्हणून लिहिलं नाही, असं मी स्वतःला सांगत होते. ते कारण होतं, पण लहान होतं.

३ नोव्हेंबरला, भाऊबीजेला, तुला ओवाळून मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी पुऱ्या तळत होत्या. मनुबाईची शेळी गाभडल्याचं मी सहज बोलले. त्यांच्या हातातला झारा तसाच राहिला. म्हणाल्या, "वन्सं, माज्या गळ्याची आन हाय, ह्यास्नी सांगू नगा. गेल्या साली आमच्या नऊ गाभडल्या. डाक्टर म्हणलं रगात तपासू, ह्यांनी तपासू दिलं न्हाई. म्हणलं, नाव झालं तर खांड कोण घील? डाक्टर जाता जाता सांगून गेला, वार उघड्या हातानं धरू नगा, पोटुशा बाईनं तर गोठ्यात पाऊलबी टाकू नगा."

बाहेर तू पोरांसोबत हसत होतास. मी तू दिलेलं लुगडं पिशवीत घातलं आणि एसटीत बसले.

घरी येऊन काय केलं? काही नाही. एकच गाभडलीय, म्हटलं, कदाचित तेवढीच असेल. नऊ जणींसमोर माझ्याच तोंडानं तुझं नाव घेतलं होतं, ते कसं माघारी घेऊ? आबांना जाऊन दोन वर्षं झाली नाहीत. लोक म्हणतील, बापामागं ज्योतिबाच्या पोरानं देवाच्या दारात खोटी आण घेतली आणि पोरीनं ती आपल्या गावात खपवली. उद्या सांगू, परवा सांगू करत तेरा दिवस काढले.

१६ तारखेला सकाळी मनुबाई मला बोलवायला आली. दीपमालाची शेळी अडली होती. मी गेले. दादा, मी तिथं होते. गोठ्याच्या दारात, हातभर अंतरावर उभी होते. दीपमाला बाह्या सारून बसली होती, कोपरापर्यंत हात भरलेले. वार अडकली होती आणि ती हळूहळू ओढत होती. चौथा महिना. माझ्या ओठावर आलं होतं, ऊठ, सोड ते, डॉक्टरला बोलवू. पण ती विचारणार होती, का? आणि त्या 'का'चं उत्तर तुझं नाव होतं.

मी म्हटलं, "नंतर साबणानं हात चांगले धू गं."

तेवढंच म्हटलं. आणि घरी आले.

म्हणून साक्षी मला फ्रान्सचा कायदा सांगत होती, तेव्हा ती तुझ्याबद्दल बोलत होती, आणि मी मात्र माझी तारीख शोधत होते. २ नोव्हेंबरपर्यंत मी न कळता विकणारी होते. ३ तारखेपासून नाही.

२५ तारखेला मी परत सगळ्यांना बोलावलं. आधी घरात ह्यांना आणि साक्षीला सांगितलं. हे चप्पल घालून कारखान्यावर निघून गेले, पाळी नसताना. साक्षी म्हणाली, "आई, नोटिशीत मग तुझंही नाव येणार." मी म्हटलं, "येऊ दे. आधी माझं घाल."

देवळापुढं उभं राहून सांगितलं. तुझं सांगितलं आणि माझंही, तारखेसकट. वहिनींचं नाव घेतलं नाही, आणि तू घरात त्यांना त्यावरून एक शब्द जरी बोललास तर मी पुढच्या गाडीनं तिथं येईन, लक्षात ठेव. गटातली तानुबाई उठून मला शिव्या द्यायला लागली. बरं वाटलं. मनुबाई मान खाली घालून माती उकरत होती. दीपमाला मागं खांबाला टेकून बसली होती. औषधं चालू आहेत तिची, दीड महिन्याची आहेत. किती वाळलीय पोरगी. ती उठली नाही. बसूनच म्हणाली,

"काकू, तुमी मला हात धू म्हणाला व्हता."

"व्हय," मी म्हटलं.

"मला लय बरं वाटलं व्हतं त्या दिवशी. म्हटलं, आई नसली तरी काकू कशी काळजी करत्यात."

मग तिनं पदर खांद्यावर घेतला आणि सासूला म्हणाली, "चला आत्या." दोघी निघून गेल्या. एकदाही मागं वळून बघितलं नाही. तिनं मला शिव्या दिल्या असत्या, चप्पल मारली असती, तर मी आज जरा जेवले असते.

तर आता तू म्हणतोस तशी मी आधी उभी राहिले. यात तुझी सुटका झाली असं समजू नकोस. मी गप्प बसले म्हणून तुझं वर्षभराचं लपवणं कमी होत नाही. तू नऊ शेळ्यांचे गाभ खड्ड्यात घातलेस, डॉक्टरला दारातून परत पाठवलंस आणि मग भंडारा उचललास. मी भित्री आहे. तू तर जाणून-बुजून देवाची आण घेतलीस. तुझ्यावरचा माझा राग तसूभरही कमी झालेला नाही. माझ्यावरचा वाढलाय, एवढंच.

सहाही शेळ्या माझ्या परड्यात वेगळ्या बांधल्यात, ती एका शिंगाचीही त्यातच निघाली. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांसमोर त्यांचा शेवट करून खोल पुरायच्या आहेत. बायकांच्या शेळ्या मी भरून देणार आहे. कशा, ते माझं मी बघेन. गटाचं अध्यक्षपद सोडलं. दीपमालाला काय भरून देऊ, ते मला कुठल्याच देशाच्या कायद्यात सापडत नाही.

आता हे शेवटचं. त्या दिवशी पिकअपमध्ये पंधरा शेळ्या होत्या. दहा आमच्याकडे उतरवल्यास आणि पाच घेऊन पुढं उंब्रजला गेलास. मी तेव्हा विचारलं, तर म्हणालास, नानासो म्हणून एक ओळखीचा आहे, त्यानं मागितल्यात. मी गावात चौकशी केली. नानासोच्या घरात सून आहे, दोन लहान नातवंडं आहेत. पोरांना शेळीचं दूध धारोष्णच देतात, पचायला हलकं म्हणून. त्यांचा नंबर मिळवून काल फोन केला. दूध उकळल्याशिवाय कुणाला देऊ नका, शेळ्या वेगळ्या बांधा, गोठ्यात सुनेला जाऊ देऊ नका, एवढं सांगितलं. त्यांना खरं वाटेना. "मल्हारनं भंडारा उचललाय बाई," असं मलाच म्हणाले.

म्हणजे तिथंही.

रविवारी, २ तारखेला मी उंब्रजला जातेय. डॉक्टरांचा कागद बरोबर घेतलाय. सकाळी दहा वाजता कराडच्या स्टँडवर उतरेन आणि अर्धा तास थांबेन. आलास तर त्या घरात तू बोल, मी तुझ्या शेजारी उभी राहीन. नाही आलास तर साडेदहाच्या गाडीनं मी एकटी जाईन, त्यांच्या ओट्यावर बसेन आणि तुझं पूर्ण नाव, गाव, आबांच्या नावासकट सांगेन. मग माझं सांगेन. या वेळी त्यापुढं मी एक दिवससुद्धा थांबणार नाही.

भाऊबीजेचं लुगडं याच टपालानं परत पाठवतेय. घडी मोडलेली नाही.

लिहून देणार,
माया धनाजी मेटकरी